मास्तरांचा बँड: पोरीच्या लग्नात लावला, खरं खरं सांगतो

आधी पैशाचं सांगून टाकतो, कारण फोन करून लोक तेवढंच विचारतात. 31,000 रुपये. इसार 5,000 दिला, बाकीचे लग्न लागल्यावर. पिकअपचं डिझेल वेगळं, 1,500. हळदीच्या दिवशी संध्याकाळी देव आणायला जाणं, दुसऱ्या दिवशी नवरदेवाला मारुतीच्या पारावरून मांडवापर्यंत आणणं आणि पोरीची पाठवणी, एवढं ठरलं होतं. माणसं सतरा सांगितली होती. सतरा आलीही. त्यातली वाजवणारी किती, ते पुढे सांगतो.

बँडचं खरं नाव गाडीवर लाल-पिवळ्या अक्षरांत रंगवलेलं आहे, पण ते कुणीच घेत नाही. खानदेशात बोरी नदीकाठच्या आमच्या पाच-सात गावांत नुसतं 'मास्तरांचा बँड' म्हटलं की लोक घर दाखवतात.

माझ्याबद्दल एवढंच की एसटीच्या वर्कशॉपात 33 वर्षं काढली. गाण्यातलं मला काही कळत नाही. सूर लागला की नाही हे विचाराल तर मी बायकोकडे बोट दाखवीन. पण हवा कुठं गळते, पिस्टन कुठं अडकतो, कुठला भाग मूळचा आणि कुठला मागाहून बसवलेला, हे मला लांबून कळतं. आणि बँड म्हणजे तरी काय, हवा, नळ्या आणि पिस्टनच की.

डीजे का नाही, असं घरात बरंच झालं. पोरीच्या मामांना डीजेच पाहिजे होता. मागच्या वर्षी पुतण्याच्या लग्नात एक डीजे आणला होता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर भिंतीएवढे स्पीकर. गल्लीतून गेला तेव्हा आमच्या पत्र्याच्या पडवीचे खिळे सैल झाले आणि आईच्या कपाटातल्या कपबश्या आपोआप पुढे सरकत एक खाली पडली. रात्री दहा वाजता पोलीस आले, मग पाहुण्यांची आणि त्यांची बाचाबाची, नवरदेव घोड्यावर बसून सगळं बघतोय. आबा, म्हणजे माझे वडील, त्या दिवशी शेतातल्या खोपीत जाऊन झोपले. यंदा ते म्हणाले, नातीच्या लग्नात मला मांडवात बसायचंय, वाजा लावा. विषय संपला.

मार्च महिन्यात मी मास्तरांकडे गेलो. जुनं धाब्याचं घर, ओसरीला लाकडी खुंट्या, त्यावर चादरीच्या खोळी घालून वाजे टांगलेले. मी सरळ भाव विचारला. मास्तर खोळ सोडता सोडता अहिराणीत म्हणाले, "पैसानं मागे दखू भाऊ, पहिले आयकी ल्या." आणि कुशीत धरून वाजवायचा मोठा कर्णा, ज्याला कागदावर युफोनियम म्हणतात, तो काढून फुंकला. एकच सूर, लांब. ओसरीतल्या म्हशीने मान वर केली. आणि मला सुराच्या खाली बुडबुडा ऐकू आला. गर्र, गर्र. मी म्हणालो, मास्तर, खाली पाण्याच्या चावीतून, म्हणजे फुंकताना आत साचलेलं पाणी सोडायच्या झडपेतून, गळतंय. ते थांबले. माझ्याकडे नीट बघितलं. मग कर्णाच माझ्या मांडीवर ठेवला.

इथून पुढचा दीड तास भावाचं बोलणंच झालं नाही.

त्या कर्ण्यात साधारण नऊ फूट नळी वेटाळून बसवलेली आहे. ट्रम्पेटात तिच्या निम्मी, म्हणून त्याचा आवाज वरचा. मधे तीन पिस्टन. पिस्टन दाबला की हवेला जादा वळसा पडतो, नळी तेवढी लांब होते आणि सूर उतरतो. दुसऱ्या पिस्टनने अर्धा सूर, पहिल्याने एक, तिसऱ्याने दीड. बाकी सगळं ओठांवर. एवढं साधं यंत्र. हे पिस्टन येण्याआधी असल्या कर्ण्यांत मोजकेच सूर निघायचे, बिगुलात निघतात तसे. घरी येऊन मी वाचून काढलं. 1818 साली प्रशियात, म्हणजे आताच्या जर्मनीत, श्टोल्झेल आणि ब्लूमेल या दोघा वाजवणाऱ्यांनी या झडपांचं पेटंट घेतलं. पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांच्या हाती गेला तेही सालच 1818. झडप तिकडं निघाली आणि ती फुंकणारा साहेब इकडं आला, एकाच वर्षी.

साहेबाच्या फौजेबरोबरच हा पितळी वाजा आला. आमच्या धरणगावातच 1825 साली औट्रम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्लांची पलटण उभी केली होती, कवायत म्हणजे काय हे खानदेशाने तिथं पाहिलं. वर आग्रा रोडने गेलं की महूची छावणी, खाली नाशिककडे देवळाली. अशा छावण्यांतून पलटणींचे बँड वाजायचे, त्यांत आपली माणसं शिकायची आणि पेन्शन घेऊन गावाकडे आली की पोट भरायला लग्नात वाजवायची. मास्तरांच्या आजोबांना असाच एक जण भेटला. आजोबा अमळनेरला प्रताप मिलमध्ये कामाला होते. मिल 1906 ची, तिथं कुठून कुठून माणसं पोटासाठी आलेली. एका चाळीत पलटणीतून परत आलेला एक क्लॅरनेटवाला राहायचा. रात्रपाळी नसेल तेव्हा आजोबा त्याच्याकडे बसायचे. त्याला मराठी धड येत नव्हती, यांना इंग्रजी नोटेशन येत नव्हतं. मग दोघांनी मिळून तोड काढली ती मी डोळ्यांनी पाहिली.

मास्तरांनी कोनाड्यातून चोपडी काढली. लाल कापडात बांधलेली, पानं बिडीच्या पानासारखी तपकिरी. पहिल्या पानावर फक्त ही ओळ:

सा ०, रे १३, ग १२, म १, प ०, ध १२, नि २, सां ०.

शून्य म्हणजे कुठलाही पिस्टन दाबायचा नाही. तेरा म्हणजे पहिला आणि तिसरा. बारा म्हणजे पहिला आणि दुसरा. कोमल नि पाहिजे तर नुसता १. झालं. अख्खा बँड या आकड्यांवर उभा आहे. पुढच्या पानांवर आरत्या, भूपाळ्या, कवायतीच्या दोन चाली, सगळं आकड्यांत, अधेमधे मोडीत काहीतरी लिहिलेलं. प आणि सा दोन्ही शून्य कसे, असं मी विचारलं तर मास्तर ओठ दाबून हसले आणि एकही पिस्टन न दाबता दोन्ही सूर काढून दाखवले. ओठ घट्ट केले की वरचा. मी 33 वर्षं इंजिनं उघडली, पण गिअर न बदलता गाडी वरच्या गिअरमध्ये गेलेली पहिल्यांदा पाहिली.

आणि त्या मोकळ्या सुराचा 'सा' म्हणजे पेटीवरची काळी पाच. आमच्या भजनी मंडळाचे बुवा काळी एकमध्ये गातात. यावरून हळदीच्या रात्री काय झालं ते येईलच.

आता त्या कर्ण्याच्या अंगावरच्या खुणा. वर्कशॉपात गाडी आली की आम्ही आधी तिचे डाग बघायचो. कुठं ठोकली, कुठं रंग मारला, त्यावरून ड्रायव्हर कळतो. इथं कर्ण्याच्या तोंडाच्या काठाला एक दबलेली जागा होती. अमळनेरच्या सखाराम महाराजांच्या यात्रेला जाताना बैलगाडीतून बोरीच्या पात्रात पडला, ती. नळीच्या वाकणाजवळ डाख लावलेला, जाडाभरडा, भांड्याला लावतात तसा. तो तांबटाचा. मेरठला पाठवायला पैसे नव्हते. हे सगळे वाजे मेरठहूनच येतात, तिथल्या जली कोठी भागात घरोघरी हाच धंदा आहे, 1885 पासूनची नादिर अली कंपनी तिथलीच. तिकडं रेल्वेने पार्सल पाठवायचं म्हणजे सीझन बुडायचा. मग तांबट जिंदाबाद.

तोंडाच्या आतल्या बाजूला हात घातला तर बोटाला खरखर लागली. उजेडात धरला तर खिळ्याने कोरलेला आकडा. 41. मी म्हटलं हा कंपनीचा नंबर नाही. मास्तर म्हणाले, सावकाराचा. 72 च्या दुष्काळात गहाण टाकला होता. त्या वर्षी लग्नंच नव्हती, होती ती पाच माणसांत उरकलेली. बँडमधली सगळी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती. मास्तर तेव्हा जन्मले नव्हते, पण वडील सांगायचे की खडी फोडून हाताला घट्टे पडले त्याचं काही नाही, ओठ गेले ते वाईट. वर्षभर फुंकलं नाही तर ओठ मऊ पडतात. कर्णा सोडवून आणल्यावर पहिल्या लग्नात त्यांच्या ओठातून रक्त आलं होतं.

तिसऱ्या पिस्टनची स्प्रिंग मी काढून बघितली. ही वाद्याची नाही, हे लगेच कळलं. "लुनाच्या कार्बोरेटरची," मास्तर म्हणाले. बसवणाऱ्याला मी मनातल्या मनात सलाम केला.

आणि एक रिकामी खुंटी होती. सगळ्यात मोठी, सगळ्यात शेवटची. तिथं बेस असायचा, अंगाभोवती वेटोळं घालून खांद्यावर घ्यायचा तो. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये आधी लग्नंच बंद, मग 50 माणसांची परवानगी, त्यात बँडवाले कोण मोजणार? दोन लगीनसरायांत एकही सुपारी नाही. बेस मोडीत गेला. वाजा म्हणून नाही, पितळ म्हणून, किलोवर. मास्तरांनी हे सांगताना आवाज बदलला नाही, फक्त चोपडी परत कापडात बांधायला लागले.

मग भाव ठरला. मी घासाघीस केली नाही असं नाही. पस्तीसवरून एकतीसवर आणला.

आता सेवेचं. बँड हळदीच्या दिवशी 50 मिनिटं उशिरा आला. पिकअप पंक्चर झाली म्हणाले. असेलही. पण जास्तीचं चाक नव्हतं, आणि हे मला पटत नाही. सुपारी घेतो त्याने गाडीत चाक ठेवावं. तोवर देव आणायला निघालेल्या बायका ताटं घेऊन उन्हात उभ्या, आमची मंडळी माझ्याकडे डोळे वटारून.

आले मात्र आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे वाजे सगळे निंबाच्या सावलीत ठेवून वर ओलं गोणपाट टाकलं. वैशाखातलं ऊन, 43 डिग्री. पितळ तापलं, आतली हवा तापली की सूर चढतो, आणि सगळ्यांचा सारखा चढत नाही. मास्तरांनी प्रत्येकाला एकदा फुंकायला लावलं आणि कुणाची नळी अर्धं बोट बाहेर ओढ, कुणाची आत ढकल, असं करत बसले. नळी ओढली की लांबी वाढते, चढलेला सूर खाली येतो. इंजिनाचं टायमिंग लावतात तसंच. हे काम दहा मिनिटं चाललं आणि पोरांना कंटाळा आला, पण मला लग्नातला तोच भाग सगळ्यात आवडला.

लाल कोट, सोनेरी झालर. वैशाखात! एका पोराच्या कोटाची पाठ घामाने पांढरी पडलेली, एकाची पँट वेगळ्याच बँडची असावी, निळी पट्टी. दिसण्याला मार्क द्यायचे तर निम्मे.

देव आणायला जाताना गल्लीत वाजायला लागले आणि माझा कान कामाला लागला. ढोल, ताशा, साइड ड्रम, झांज ठीक. दोन क्लॅरनेट, त्यातला एक उन्हाने वाळून मधूनमधून किंचाळत होता. पत्ती ओली नसली की होतं म्हणतात. ट्रम्पेट चार, मोठे कर्णे तीन, एक सॅक्सोफोन. पण मागच्या ओळीतल्या दोन ट्रम्पेटांतून हवाच जात नव्हती. गाल फुगलेले, बोटं पिस्टनवर नाचतायत, आवाज शून्य. मी त्यांच्या बाजूने चालून बघितलं. त्यातल्या एकाने मला बघून बोटं आणखी जोरात नाचवली.

मुक्कामावर मास्तरांना बाजूला घेतलं. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. गावातली पोरं आहेत, दिवसाचे 300 देतो, पट पुरा करायला. "लोके मुंडका मोजतस भाऊ, सूर कोन मोजस?" म्हणाले, पंधरा माणसं सांगितली तर गिऱ्हाईक म्हणतं शेजारच्याने वीस लावली होती. बोलणं खरं होतं, म्हणून राग धड येईना. तरी मी 1,000 कापले. तुम्ही लावाल तेव्हा मुंडकी मोजू नका, सरळ विचारा, फुंकणारे किती. बारा-तेरा फुंकणारे-बडवणारे असले तरी गल्ली भरून जाते.

हळदीच्या रात्री जेवणं झाल्यावर भजनी मंडळाच्या बुवांना हुक्की आली. बँडसोबत एक अभंग म्हणायचा. बुवांची पट्टी काळी एक, बँडचा मोकळा सा काळी पाच. दोन ओळी झाल्या आणि बुवांचा आवाज विहिरीत उतरल्यासारखा खाली गेला. लोक हसायला लागले. मास्तरांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं, नुसता जुना कर्णा घेतला आणि बुवांची पट्टी धरून, बोटं सगळी बदलून, त्यांच्या मागून हळू वाजवत गेले. चोपडीतले आकडे इथं उपयोगाचे नव्हते. कान आणि ओठ. बेस नसल्याची उणीव दिवसभर जाणवत होती, वाजा वरच्या वर तरंगतोय असं वाटत होतं, तेवढ्या अभंगापुरती ती भरून निघाली. आबा मांडवाच्या खांबाला टेकून बसले होते, त्यांचा हात मांडीवर चालू होता.

बरोबर पावणेदहाला मास्तरांनी आवरतं घेतलं. पोरांनी आरडाओरडा केला. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर वाजवायला बंदी आहे, 2000 सालच्या नियमाने. ती नुसती डीजेला आहे असं लोकांना वाटतं, पण 2010 च्या दुरुस्तीनंतर वाद्यांनाही आहे. मास्तरांच्या पाकिटात त्या कागदाची घडी होती. मला बरं वाटलं, मागच्या वर्षीसारखं पोलिसांना चहा पाजत बसावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशीची एक गोष्ट सांगतो. नवरदेव पारावरून निघाला. पोरं नाचतायत, पिकअपवरचा कीबोर्डवाला आणि गाणारा पोरगा अहिराणी गाणी म्हणतोय, मागून बँड. हो, आता छोटी गाडी यांनीही ठेवली आहे, भोंगे दोन, त्याशिवाय पोरं नाचत नाहीत. सोनाराच्या बोळाच्या तोंडाशी आलो आणि मास्तरांनी छडी आडवी धरली. सगळं एकदम बंद. कीबोर्डही. नुसता ढोलावर हात ठेवून दबका ठेका, ठप, ठप, आणि मिरवणूक चालत राहिली. नाचणारी पोरं बावरली. चौथं घर ओलांडल्यावर छडी खाली आली आणि पुन्हा दणक्यात सुरू. त्या बोळातल्या तिसऱ्या घरात वीस दिवसांपूर्वी तरणा मुलगा गेला होता. मी गावचा माणूस, पोरीचा बाप, लग्नाच्या गडबडीत सांगायचं विसरलो होतो. मास्तरांनी आल्या आल्या न्हाव्याला विचारून घेतलं होतं, कुणाच्या दारी काय आहे. वडिलांनी घालून दिलेली रीत आहे म्हणाले. त्या घरातली आई ओट्यावर आली होती. तिने नवरदेवाकडे बघून हात जोडले आणि आत गेली.

जेवणाचंही सांगायला हवं, ते जरा माझ्याच अंगावर येणारं आहे. इसार द्यायला गेलो होतो तेव्हा मास्तर निघताना म्हणाले, "भाऊ, तुमना लगीनमा मी व्हतू ना! खुळखुळा मनाच हातमा व्हता." माझं लग्न 1991 चं. हा बँड तेव्हाही होता, त्यांचे वडील मास्तर होते, हे स्वतः दहा-बारा वर्षांचं पोर. मी हौसेने विचारलं, काय आठवतं? मला वाटलं घोडा म्हणतील, फटाके म्हणतील. ते म्हणाले, "रस्सा सरी गया व्हता." बँडवाल्यांना मांडवाच्या मागं, उष्टी काढतात तिथं, सगळ्यात शेवटी बसवलं होतं. बट्टी होती, वरण संपलेलं, भाजीचा रस्सा संपलेला. कोरडी बट्टी पाण्यात बुडवून खाल्ली. त्यांनी हे हसत सांगितलं. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, तिने भाजीच्या परातीवरचा हात थांबवला.

म्हणून यावेळी मी ठरवून बँडला पहिल्या पंगतीत बसवलं, व्याह्यांच्या समोरच्या ओळीत. एक-दोन भुवया वर गेल्या, जाऊ दे. वरण-बट्टी, घोटलेली वांग्याची भाजी, शिरा. आणि बघतो तर काय, फुंकणारे कुणी जेवेचनात! ढोलवाले हाणतायत, ट्रम्पेटवाले अर्धी बट्टी चिवडून बसलेले. मला वाटलं लाजतात. आग्रह केला. मास्तर कानात म्हणाले, "पोट भरनं का फुक बसत नई." पाठवणी वाजवायची बाकी होती. पोट भरलं की दम खालून येत नाही. म्हणजे यांचं शेवटी जेवणं काही अंशी धंद्याची गरजही होती, फक्त ते कुणाच्या सोयीने शेवटी जेवतात हा फरक. पाठवणी झाल्यावर गरम वरण पुन्हा टाकायला लावलं आणि सतराच्या सतरा, न फुंकणारे दोघेही, आमच्या ओसरीत नीट जेवले. बँड लावाल तर आचाऱ्याला हे आधीच सांगून ठेवा.

पाठवणीला काय वाजवलं ते मला नाव सांगता येणार नाही. दोन क्लॅरनेट आणि जुना कर्णा, ढोल बंद. त्या वेळी मी काही गळती-बिळती ऐकली नाही.

कुणी लावावा? नुसतं नाचायचं असेल तर लावू नका, पोरं नाराज होतील, गाडीवरचा आवाज डीजेच्या पासंगालाही पुरत नाही. नवी गाणी यांना चार-पाचच येतात आणि ती पण फिरून फिरून तीच. घरात म्हातारी माणसं असतील, गल्ली अरुंद असेल, देव आणायचे असतील, तर हाच लावा. 14 एप्रिलला मिळणार नाही, जयंतीच्या मिरवणुकीची त्यांची सुपारी दरवर्षीची ठरलेली आहे आणि त्या दिवशी ते लग्न घेत नाहीत, कितीही द्या. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आसपासच्या तारखा हव्या असतील तर संक्रांतीलाच इसार द्या. चाकाचं आणि क्लॅरनेटच्या पत्तीचं मी तोंडावर सांगून आलो आहे. पावती मिळत नाही, वहीत सही करतात. सीझन नसताना यातली निम्मी माणसं रावेर-यावलकडे केळी कापायला जातात, तेव्हा पावसाळ्यात फोन उचलला नाही तर राग धरू नका.

तो जुना कर्णा सध्या माझ्याकडे आहे. हिशोब द्यायला मास्तर आले तेव्हा मीच ठेवून घेतला. पाण्याच्या चावीखाली त्यांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावला होता, तो आटून कडक झालेला, तिथूनच गर्रगर्र. मी बाटलीच्या बुचाचा तुकडा कानशीने गोल घासून बसवला, लुनाची स्प्रिंग तशीच ठेवली, सावकाराच्या आकड्यालाही हात लावला नाही. रोज संध्याकाळी आबा विचारतात, वाजतो का? मी फुंकून बघतो. अजून माझ्याच्याने सूर निघत नाही, नुसती हवा, पण गळत नाही. श्रावणातल्या कानबाईच्या मिरवणुकीआधी नेऊन द्यायचा आहे.